निवड आणि निरुपाय

साक्री तालुक्यातील भामेरच्या किल्ल्यावर दरवर्षी शाळेच्या मुलांना घेऊन जाण्याचा आमच्या वडिलांचा परिपाठ होता. १९९८ च्या जानेवारीत, निवृत्तीला काही महिने उरले असताना, ते नेहमीप्रमाणे मुलांच्या पुढे चढू लागले आणि अर्ध्या वाटेवर थांबले. छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळून धरावी तसे त्यांना वाटले. डावा हात जड झाला. एका दगडावर पाच-सात मिनिटे बसल्यावर कळ ओसरली. 'तुम्ही वर जाऊन या, मी येथे डबे सांभाळतो,' असे मुलांना सांगून ते तेथेच बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी ओवा चावला, गरम पाणी प्याले आणि आईच्या चौकशीला घरच्या अहिराणीत दोन शब्दांचे उत्तर दिले, 'बरा शे.'

पुढच्या आठवड्यात बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना तीच कळ आली. मग साक्रीहून धुळे, आणि धुळ्याहून एका दूरच्या शहरातील मोठे रुग्णालय असा प्रवास झाला. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या तीन प्रमुख रोहिण्यांपैकी दोन अरुंद झालेल्या आढळल्या. हृदयाचे स्नायू मात्र बळकट होते आणि डाव्या बाजूची मुख्य रोहिणी मोकळी होती. शल्यचिकित्सकांनी बायपासचा सल्ला दिला. धुळ्याच्या वैद्यकतज्ज्ञांचे मत निराळे पडले. औषधे नीट घेतली, तंबाखू सोडली आणि लक्ष ठेवले तर शस्त्रक्रियेवाचूनही चालू शकेल, असे ते म्हणाले. दोघेही जाणकार होते आणि दोघांनाही आमच्या वडिलांचे भलेच हवे होते.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जी चर्चा झाली, ती आम्हां भावंडांना अजून शब्दशः आठवते. पांझरेकाठची दोन एकर बागायत विकली असती तर शस्त्रक्रियेचा खर्च निघाला असता. आम्ही म्हणालो, विकू. काका म्हणाले, माणसापेक्षा जमीन मोठी नाही. वडिलांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, दोन्ही वैद्यांना पुन्हा एकदा भेटून प्रश्न विचारले आणि औषधांची वाट धरली. तंबाखूची डबी त्यांनी त्याच दिवशी आईच्या हवाली केली. आम्हांला ते पटले नव्हते. गावात काही जण 'मुलांनी पैसा वाचविला' असे बोलले, तेही आमच्या कानांवर आले.

शस्त्रक्रियेवाचून औषधांवर राहणाऱ्या हृदयरोग्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात राहावयास आला. तो वैद्यकाचा प्रश्न आहे आणि त्याला वैद्यकाने दिलेली उत्तरेही आहेत. परंतु ती उत्तरे समजून घेता घेता त्याच्या पोटात दडलेला दुसरा एक प्रश्न आम्हांला दिसू लागला, आणि तो नीतीचा आहे. ह्या लेखात दोहोंचा विचार करावयाचा आहे.

*

ह्या दुखण्याची ओळख जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हृच्छूलाचा उल्लेख येतो. आधुनिक वैद्यकात त्याचे पहिले नेमके वर्णन विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्यांनी १७६८ साली लंडनमध्ये केले. चालताना, विशेषतः चढण चढताना आणि जेवणानंतर, छातीत घुसमट व्हावी आणि उभे राहताच ती नाहीशी व्हावी, हे त्यांनी अनेक रुग्णांत पाहिले होते. घुसमटीच्या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी त्याला अँजायना हे नाव दिले. कारण त्यांना ठाऊक नव्हते. रोहिण्यांच्या आतल्या अंगाला मेदाचे थर साचून त्या अरुंद होतात, विश्रांतीच्या वेळी पुरणारे रक्त श्रमाच्या वेळी पुरत नाही आणि उपाशी स्नायू कळवळतो, हे पुढे उमगले. रोज अर्धा तास लाकूड कापण्याचे काम स्वतःस लावून घेणारा एक रुग्ण जवळजवळ बरा झाला, अशीही नोंद हेबर्डन यांनी करून ठेवली आहे. औषधाविना आणि शस्त्रावाचून माणूस ह्या रोगासह कसा जगला, ह्याची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद असावी.

त्याच काळातील जॉन हंटर हे नामवंत शल्यचिकित्सक स्वतः ह्या दुखण्याने पीडित होते. आपल्याला डिवचू पाहणाऱ्या कोणाही लुच्च्याच्या हाती आपला जीव आहे, असे ते म्हणत. १७९३ साली आपल्याच रुग्णालयातील एका सभेत वादावादी झाली, ते खोलीबाहेर पडले आणि कोसळले.

१८७९ साली विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचा उपयोग प्रसिद्ध केला. डोंगर फोडणाऱ्या सुरुंगातला हा पदार्थ अत्यल्प मात्रेत रक्तवाहिन्या सैल करतो. ज्या आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट बनविले, त्यांनाच उतारवयात हृदयाच्या दुखण्यावर तो सुचविण्यात आला, ही दैवगती त्यांच्याही ध्यानात आली होती. आमच्या वडिलांच्या खिशातली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी ही त्याच कुळातली. पुढे १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी हृदयाची धावपळ कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले. १९६७ साली रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून अडथळ्याला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया क्लीव्हलँड येथे रूढ केली, आणि १९७७ साली झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने रोहिणी रुंद करून दाखविली. म्हणजे आमच्या वडिलांपुढे १९९८ साली जे दोन मार्ग होते, ते दोन्ही एका पिढीइतकेच जुने होते.

*

आता आकड्यांकडे वळू. ते कोरडे वाटतील. परंतु ज्या घरात हा प्रश्न आला आहे त्या घरातील माणसांना ते कोरडे वाटत नाहीत.

अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सौम्य व स्थिर दुखणे असलेल्या ७८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्यात आली. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना औषधांवर ठेवले. १९८३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५ वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात १०० पैकी ९५ जण हयात होते, औषधांच्या गटात ९२. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संशोधकांचे मत पडले. १९९४ साली मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७ पाहण्यांतील २,६४९ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला. ५ वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटातील १०० पैकी सुमारे १० जण दगावले होते, औषधांच्या गटातील सुमारे १६. १० वर्षांनंतर हेच आकडे २६ आणि ३१ च्या आसपास होते. शस्त्रक्रियेचा लाभ खरा होता; परंतु तो सर्वांना सारखा नव्हता. डाव्या मुख्य रोहिणीतच अडथळा असलेल्यांना तो सर्वाधिक होता, तिन्ही रोहिण्या बिघडलेल्यांनाही बराच होता. सौम्य दुखणे असलेल्यांना थोडा किंवा नाहीच. कालांतराने दोन्ही गटांतील अंतर कमी होत गेले, कारण जोडलेल्या शिरांनाही वय असते आणि औषधांवर असलेल्या पुष्कळांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली होती.

ह्या पाहण्या जुन्या औषधांच्या काळातील होत्या. त्याच १९९४ साली ४,४४४ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियन पाहणीने दाखवून दिले की कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन वर्गातील एका औषधाने हृदयरोग्यांचे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटतात. अॅस्पिरिनचे महत्त्व तोवर मान्य झालेलेच होते. औषधांची बाजू अशी बळकट झाल्यावर जुना प्रश्न नव्याने विचारण्यात आला. २००७ साली २,२८७ रुग्णांच्या पाहणीत असे दिसले की उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका कमी होत नाही. साडेचार वर्षांच्या सुमारास दोन्ही गटांत १०० पैकी १९ जणांच्या वाट्याला यांपैकी काहीतरी आले होते. २०२० साली ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या देशांत भारतही होता. निष्कर्ष तोच निघाला. २०२२ साली त्याच रुग्णांचा सुमारे पावणेसहा वर्षांचा हिशेब आला, तेव्हाही एकूण मृत्यूंत फरक नव्हता. ज्यांना वारंवार कळ येत होती त्यांना स्टेंट वा बायपासने अधिक आराम मिळाला, हेही ह्या पाहणीने तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

ह्या आकड्यांना एक कुंपण आहे आणि ते ओलांडू नये. डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेले, हृदय फार दुर्बळ झालेले आणि औषधांनीही कळ न आवरणारे रुग्ण २०२० च्या त्या पाहणीत घेतलेच नव्हते. बसल्या जागी, विश्रांतीत येणारी, नव्याने वाढत चाललेली किंवा न थांबणारी कळ हे तर निराळेच प्रकरण आहे. तेथे विचार करीत बसावयाचे नसते, रुग्णालय गाठावयाचे असते. आम्ही येथे बोलत आहोत ते स्थिर दुखण्याबद्दल. चढण आली की येते आणि थांबले की जाते, अशा दुखण्याबद्दल.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. योग्य तपासणीनंतर, योग्य रुग्णाने, औषधे मनापासून घेतली तर शस्त्रक्रियेवाचूनही त्याचा पुढचा काळ बहुधा लांबचा असतो. 'बहुधा' ह्या शब्दाने मन भरत नाही, हे आम्ही जाणतो. १०० पैकी ९२ मध्ये आपला माणूस आहे की उरलेल्या ८ मध्ये, हे कोणताही वैद्य सांगू शकत नाही. शस्त्रक्रिया केल्यावरही सांगू शकत नाही. परंतु शस्त्रक्रिया झाली की काहीतरी निर्णायक केले असे कुटुंबाला वाटते आणि त्या वाटण्याला स्वतःचे एक बळ असते. १९५० च्या दशकात छातीतील एक रोहिणी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया ह्या दुखण्यावर लोकप्रिय झाली होती. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत दोन ठिकाणी काही रुग्णांची केवळ त्वचा कापून शिवली गेली, तर त्यांनाही तितकेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया मग मागे पडली. स्टेंटबाबतही इंग्लंडमध्ये असेच प्रयोग झाले. २०१७ साली पुरेशा औषधांवर असलेल्या रुग्णांत खरा आणि लटका उपचार ह्यांत सहा आठवड्यांत फारसा फरक दिसला नाही. २०२३ साली कळ थांबविणारी औषधे बंद ठेवून पाहिले, तेव्हा खऱ्या उपचाराने कळ निश्चित कमी झाली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते की औषध आणि स्टेंट दोहोंतही कळ कमी करण्याची शक्ती आहे, आणि 'काहीतरी केले' ह्या समाधानातही ती थोडी आहे.

*

आता दुसरा प्रश्न. जीव वाचविण्याचा एक मोठा उपाय समोर असता तो नाकारणे नीतीला धरून आहे काय? वडिलांनी नकार दिला तेव्हा आमच्या मनात हाच सल होता.

ह्या प्रश्नावर ख्रिस्ती नीतिशास्त्राने चार शतकांहून अधिक काळ विचार केला आहे. सोळाव्या शतकात सालामांका येथे शिकविणाऱ्या फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्या डॉमिनिकन अध्यापकांनी म्हटले होते की प्राण राखणे हे कर्तव्य असले तरी त्यासाठी सर्व उपाय करण्यास मनुष्य बांधलेला नाही. उत्तमोत्तम आणि महागडे अन्न खाल्ल्याने आयुष्य वाढेल असे वैद्याने सांगितले तरी तो साध्या अन्नावर राहू शकतो. सारी मालमत्ता औषधात घालण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. पुढे ह्यातूनच साधारण आणि असाधारण उपायांचा विवेक रूढ झाला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तो मांडला. व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता जे उपाय स्वतःवर वा दुसऱ्यावर भारी ओझे टाकीत नाहीत, तेवढेच करण्यास मनुष्य सामान्यतः बांधलेला असतो, असा त्याचा आशय आहे. ५ मे १९८० च्या रोमच्या घोषणापत्रात हाच विचार प्रमाणाच्या भाषेत आला. उपायाचा त्रास, धोका आणि खर्च एका पारड्यात, अपेक्षित लाभ दुसऱ्या पारड्यात. आणि तोल पाहताना रुग्णाची शारीरिक व नैतिक शक्तीही लक्षात घ्यावयाची.

ह्या विवेकाने पाहता वडिलांचा निर्णय सदोष ठरत नाही. शस्त्रक्रियेचा लाभ त्यांच्या बाबतीत अनिश्चित आणि बेताचा होता. ओझे मात्र निश्चित होते आणि ते त्यांच्या एकट्यावर पडणार नव्हते. 'शेत विकून मला जगवाल, मग जगलेल्या मला काय खाऊ घालाल?' असे ते हसत म्हणाले होते. आम्हांला तेव्हा ते हसणे झोंबले होते.

परंतु ह्याच विवेकाची दुसरी बाजू आमच्या लक्षात फार उशिरा आली. असाधारण उपाय नाकारण्याची मुभा असली तरी साधारण उपाय कर्तव्यच राहतात. औषधांची वाट धरणे म्हणजे काही न करणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते रोज करावयाचे असते. शस्त्रक्रियेचे धैर्य एका दिवशी लागते. हे धैर्य सकाळी एकदा आणि रात्री एकदा, कळ येत नसतानाही, गोळीची चव कडू लागत असतानाही लागते. वडिलांनी १७ वर्षे ते केले. पहाटे पिंपळनेर रस्त्याने चालणे, जेवणात तेलमीठ बेताचे, लग्नाच्या पंगतीतही दोन घास कमी. हंटर यांची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, तरी भाऊबंदकीच्या भांडणातून ते उठून जावयास शिकले. आईने त्यांच्या गोळ्यांसाठी सुपारीचा जुना पितळी डबा काढला होता. दर रविवारी ती त्यात आठवड्याच्या पुड्या भरीत असे. ह्या उपचारात रुग्ण एकटा नसतो. ज्या घरात कोणी डबा भरीत नाही, त्या घरात पाहणीतले आकडे लागू पडत नाहीत.

*

हा लेख येथेच संपविता आला असता. वडिलांची निवड योग्य होती, त्यांना चांगले फळ मिळाले, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण आमच्या घरात त्याच रोगाची दुसरीही एक हकिकत आहे, आणि ती सांगितल्यावाचून पहिली खरी होत नाही.

आमच्या शेतावर एक सालदार होता. वडिलांहून दहा-बारा वर्षांनी लहान. २००२ च्या उन्हाळ्यात कांद्याच्या गोण्या उचलताना तो छाती धरून बसला. कळ कसली आहे हे वडिलांनी बघताच ओळखले. त्यांनी स्वतः त्याला धुळ्यास नेले, पुढच्या तपासण्यांचा खर्चही केला. त्याच्या अँजिओग्राफीत डाव्या मुख्य रोहिणीच्या मुखाशीच अडथळा निघाला. 'ह्यांना शस्त्रक्रियाच हवी आणि लवकर हवी,' असे डॉक्टरांनी सांगितले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी शासनाची जीवनदायी योजना तेव्हा होती, तिचाही उल्लेख त्यांनी केला. दाखला काढावा लागेल, शिधापत्रिका लागेल, अर्ज करावा लागेल.

तो परत आला. वडिलांना चालणाऱ्याच गोळ्या त्यालाही लिहून दिल्या होत्या. त्या आम्ही त्याला आणून दिल्या आणि काम हलके केले. दाखल्यासाठी तहसीलात जावयाचे होते. त्याला लिहितावाचता येत नव्हते, म्हणून आमच्यापैकी कोणी सोबत जावयाचे ठरले. कांदा निघाला की जाऊ, असे म्हटले. मग पेरणी आली. मग आमच्या बहिणीचे लग्न ठरले. त्याने स्वतःहून कधी आठवण केली नाही. कळ येत असे तेव्हा बांधावर बसून जिभेखाली गोळी ठेवी आणि थोड्या वेळाने उठे. २००३ च्या दिवाळीनंतर तो कांद्याच्या रोपाला पाणी भरावयास पहाटे गेला आणि वाफ्यातच गेला.

वडिलांसाठी आम्ही तीन आठवडे बसून विचार केला होता. शेत विकावयास काढले होते. त्याच शेतात राबणाऱ्या माणसासाठी एका दाखल्याचे काम आम्ही दीड वर्ष लांबविले. आम्ही त्याला हाकलले नाही, उपाशी ठेवले नाही, औषधाला नाही म्हटले नाही. म्हणून आपण काही वाईट केले असे आम्हांला वाटलेही नाही. जे केले नाही त्याचा हिशेब माणूस सहसा मांडीत नाही.

त्याच्या दहाव्याला जाऊन आल्यावर वडील बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग म्हणाले, 'ह्या गोळ्या मी निवडल्या होत्या. त्याला कोणी विचारले?' पितळी डब्याकडे बोट होते. त्यापुढे ते काही बोलले नाहीत.

दोघांची औषधे एकच होती आणि एकाच दुकानातून येत होती. वैद्यकाच्या नोंदवहीत दोघेही 'शस्त्रक्रियेवाचून उपचार' ह्याच रकान्यात पडले असते. एकाजवळ माहिती होती, विचारास वेळ होता, नाही म्हणण्याचे आणि हो म्हणण्याचेही सामर्थ्य होते. दुसऱ्याजवळ ह्यांतले काहीच नव्हते, आणि शस्त्रक्रियेची खरी गरज मात्र त्यालाच होती. साधारण-असाधारणाचा विवेक उपाय नाकारणाऱ्याच्या सदसद्विवेकाला दोषमुक्त करतो. उपाय ज्याच्यापर्यंत पोचलाच नाही त्याच्या शेजाऱ्यांना तो दोषमुक्त करीत नाही. गरिबाच्या बाबतीत 'त्याने औषधांवरच राहायचे ठरविले' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या निरुपायाला आपण निवडीचे नाव देत असतो. त्या नावाने आपल्याला झोप लागते.

*

त्यानंतर परिस्थिती बदलली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत धुळे होते. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. बायपास आणि स्टेंट हे उपचार तीत आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली. लाखाच्या पुढे जाणारा औषधलेपित स्टेंट सुमारे ३०,००० रुपयांवर आला. आमचा सालदार दहा वर्षांनी आजारी पडता तर त्याची वाट कदाचित निराळी झाली असती.

पण कदाचितच. कारण ह्या योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. घरी राहून वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या हे निराळे काम आहे, आणि शस्त्रक्रिया झालेल्यालाही त्या घ्याव्याच लागतात. २०११ साली डॉ. युसुफ यांच्या नेतृत्वाखाली १७ देशांत झालेल्या पाहणीत असे आढळले की भारताचा ज्यांत समावेश होता त्या कमी उत्पन्नाच्या देशांत, हृदयरोग वा पक्षाघात होऊन गेलेल्या १०० पैकी ८० जणांना चार मुख्य प्रकारांपैकी एकही औषध चालू नव्हते. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत, त्यांचा गुण सिद्ध झालेला आहे. तरी ती पोचत नाहीत. दूरच्या पाड्यावरून साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. कळ नसेल त्या महिन्यात तो येत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे.

डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' ह्या पुस्तकाने पुष्कळ मराठी घरांत आपल्या जगण्याकडे पाहण्याची दृष्टी दिली. आमच्या वडिलांनीही ते वाचले होते. परंतु सुशिक्षितांना रोगातून साक्षात्कार व्हावयास जी उसंत लागते, ती सालदाराला सालाच्या शेवटी, गुढीपाडव्याच्या आसपासही, मिळत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी दाखला काढावा लागतो, गोळ्यांचा महिना मोजावा लागतो, डॉक्टरांनी सांगितलेले दोनदा समजावून सांगावे लागते, आणि शेवटी 'तुम्हांला काय वाटते?' असे विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. ह्याला मोठा पैसा लागत नाही.

वडील २०१५ च्या चैत्रात गेले. वय ७४. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. ते कोणत्या मृत्यूबद्दल खरे नसते? शस्त्रक्रिया केली असती तर आणखी जगले असते काय, हा प्रश्न आम्ही आता विचारीत नाही. १७ वर्षे त्यांनी आपली निवड निभावली, आईने ती त्यांच्याबरोबर निभावली, आणि आम्ही सावकाश ती मान्य करावयास शिकलो.

दुसरा प्रश्न मात्र आम्ही विचारीत राहिलो आहोत. सालदाराचा मुलगा साक्रीतच असतो. वडील गेल्यावर आईने तो पितळी डबा पुसून फडताळात ठेवला होता. गेल्या वर्षी त्या मुलालाही रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या, तेव्हा तिने तो काढून त्याच्या बायकोच्या हाती दिला, आणि रविवारी भरायचा असतो, असे सांगितले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. त्याने एखाद्या गोष्टीस नाही म्हटले, तर ते त्याचे स्वतःचे नाही असावे, एवढेच आम्ही पाहतो.